तारांकित प्रश्न यादीत होता पण सभागृहात पुकारलाच नाही, आता त्याचं काय होतं?

बांधावरून_लिहितोय

नमस्कार मंडळी, शंका एकच आहे पण जरा लांबड लागेल.

आमच्या तालुक्याला ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. इमारत नवी, ऑपरेशन थिएटर आहे, मशिनरी आली, पण भूलतज्ज्ञच नाही त्यामुळे थिएटरला कुलूप. सिझरची वेळ आली की बाईला १०८ मध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात, मग रात्र असो की पाऊस असो. वाटेत काय काय झालंय ते इथं लिहवत नाही. आम्ही गावोगावच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, आमदारांना निवेदन दिलं, मागे लागलो, आणि शेवटी विधानसभेत तारांकित प्रश्न लागला. छापील यादीत आमच्या रुग्णालयाचं नाव आलं, तो फोटो तालुकाभर फिरला, सगळ्यांना वाटलं आता मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावंच लागणार.

त्या दिवशी मी मोबाइलवर लाइव्ह लावून बसलो ते रात्रीपर्यंत. अकराला अध्यक्ष आले, प्रश्नोत्तरं पुकारली, तेवढ्यात समोरचे सगळे उभे, वेगळ्याच विषयावर, आधी त्यावर बोलू द्या म्हणून. अध्यक्ष म्हणतायत तास संपल्यावर देतो, बसा, पण कोणी बसेना, काही जण पुढं मोकळ्या जागेत उतरले, दहा मिनिटं तहकूब. परत सुरू झालं, दोन-तीन प्रश्न झाले, एक प्रश्न मंत्री हजर नाहीत म्हणून राखून ठेवला, आणि मग अध्यक्ष म्हणाले प्रश्नोत्तराचा तास संपला. आमचा नंबर बराच खाली होता, तो आलाच नाही. पुढं कागदपत्रं पटलावर, मग लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना), मग कोणकोणते औचित्याचे मुद्दे (आमदार थोडक्यात मांडतात ते विषय), दुपारनंतर एक विधेयक एवढ्या पटकन मंजूर झालं की मला कळलंच नाही कधी झालं, तेव्हा बाकं पण बरीच रिकामी होती. संध्याकाळी २९३ ची, म्हणजे नियम २९३ खालची सार्वजनिक विषयावरची चर्चा.

आता विचारायचंय ते असं की आमचा प्रश्न गेला का? परत लावावा लागतो का? आणि एवढ्या रिकाम्या सभागृहात विधेयक मंजूर कसं काय होतं? जाणकारांनी सांगा, गावात मला सगळे विचारतायत.

माजी_वार्ताहर

दादा, आधी महत्त्वाचं सांगतो, तुमचा प्रश्न गेलेला नाही. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मागितलंय तो, पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच छापून त्या दिवशीच्या यादीत येतात. तासात ज्यांचा नंबर लागतो त्यांच्यावर उपप्रश्न होतात, बाकीच्यांचं उत्तर लेखी दिलं असं धरलं जातं. म्हणजे तुमच्या रुग्णालयाबद्दल शासनाने काय म्हटलंय ते छापील स्वरूपात आहे आणि ते शासनाचं अधिकृत उत्तर आहे. आमदारांच्या पीएकडे त्या दिवशीची प्रश्नोत्तरांची यादी मागा, विधिमंडळाच्या वेबसाइटवर पण बघा.

मी बरीच अधिवेशनं पत्रकार गॅलरीत बसून काढली आहेत, मुंबईत आणि नागपुरात दोन्हीकडे, म्हणून दिवस कसा चालतो ते थोडं सांगतो, कारण लाइव्हवर फक्त चेहरे दिसतात, खालची घडी दिसत नाही. विधानसभा साधारण अकराला बसते, परिषद बाराला. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. खात्यांचे वार वाटलेले असतात, म्हणून आरोग्याचे प्रश्न आरोग्याच्या वारीच येतात. तासात तोंडी होणारे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, कारण एकेका प्रश्नावर उपप्रश्न विचारायला पाच-सहा आमदार उभे राहतात. आणि खरी मजबूत गोष्ट तिथंच घडते बरं का. छापील उत्तर खात्याने लिहिलेलं असतं पण उपप्रश्नाचं उत्तर मंत्र्याला तिथल्या तिथे द्यावं लागतं. बाजूच्या अधिकारी गॅलरीत सचिव मंडळी फायली घेऊन बसलेली असतात, तिथून चिठ्ठी येते, मंत्री ती वाचतात आणि मग म्हणतात की एवढ्या दिवसांत करतो. ते वाक्य प्रतिवेदकांनी (सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपणाऱ्यांनी) लिहून घेतलं की आश्वासन झालं. म्हणून गोंधळात तास बुडाला की मला आजही वाईट वाटतं, कारण मंत्र्याला कात्रीत पकडायची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तीच असते आणि तिच्यावर हक्क कुठल्यातरी तालुक्यातल्या माणसाचा असतो.

तहकुबीबद्दल मात्र एक बाजू सांगायला हवी. विरोधक जेव्हा म्हणतात की बाकी कामकाज बाजूला ठेवा आणि हा विषय घ्या, तेव्हा त्यांच्याकडे पण सूचना दिलेली असते, ती नाकारली की ते उभे राहतात. कधी विषय खरंच तेवढा मोठा असतो, अतिवृष्टी, आत्महत्या, एखादी मोठी आग. सगळाच गोंधळ टीव्हीसाठी असतो असं मी म्हणणार नाही, पण रोज तोच तास पकडला जातो याचं दुःख आहे.

रिकाम्या बाकांचं म्हणाल तर गणपूर्ती एक दशांशाची लागते, म्हणजे २८८ मध्ये २९. कोणी सदस्याने लक्षात आणून दिलं की गणपूर्ती नाही तर घंटा वाजवतात आणि लॉबीतून, समित्यांच्या बैठकीतून आमदार येतात. कोणीच बोललं नाही तर कामकाज चालू राहतं. विधेयकाचं असं की मंत्री म्हणतात विचारात घेण्यात यावं, ज्यांना बोलायचंय ते बोलतात, मग खंडशः मंजुरी, अध्यक्ष भराभर खंड विधेयकाचा भाग झाल्याचं सांगतात, मग "होयचे बहुमत" आणि विधेयक संमत. आवाजी मतदान. तुम्ही पाणी प्यायला उठलात तर तेवढ्यात होऊन गेलेलं असतं. पण कोणी मतविभागणी मागितली तर मोजावंच लागतं. ४ जुलै २०२२ ला विश्वासदर्शक ठराव होता तेव्हा शिरगणती झाली होती, एकेक सदस्य उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता, १६४ विरुद्ध ९९. ती पद्धत सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितली, बहुतेक जणांनी पहिल्यांदाच.

चौकातला_माणूस

माफ करा पण मला हे सगळं वाचून राग येतोय. छापील उत्तर मिळतं म्हणे. त्या उत्तराने बाळंतीण वाचते का? मी पण बघतो लाइव्ह, एक दिवसाचा खर्च किती होत असेल विचार करा, पोलीस बंदोबस्त, गाड्या, हॉटेलं, आणि दिवसभर काय तर तू तू मैं मैं, पायऱ्यांवर बॅनर घेऊन फोटो, मग सभात्याग. आमच्या इथल्या पाण्याचा विषय कितीतरी अधिवेशनांत आला, प्रत्येक वेळी मंत्री म्हणतात माहिती घेऊन सांगतो. बांधावरून दादा, तुम्ही लोकांच्या सह्या गोळा करून थेट आरोग्य खात्याच्या ऑफिससमोर बसा, लवकर होईल.

झिरोमाइलकर

@चौकातला_माणूस भाऊ, राग समजतो, पण बाहेर बसणं आणि आतलं कामकाज हे दोन वेगळे रस्ते नाहीत, निदान आमच्या नागपुरात तरी नाहीत.

हिवाळी अधिवेशनाचे दिवस म्हणजे आमच्याकडे रोज मोर्चे. अंगणवाडी सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धानाचे शेतकरी, संगणक परिचालक, कोण नाही ते विचारा. यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला बॅरिकेड लावून अडवतात. मग तिथून चार-पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत नेतात, मंत्री निवेदन घेतात. बाकीचे रस्त्यावर थांबतात, थंडीत, काही तर अख्खी रात्र. आणि सगळे वाट बघत असतात की आत कोणी आपला विषय काढतो का. संध्याकाळी कोणीतरी मोबाइल वर धरून सांगतं, विषय निघाला, मंत्री अमुक बोलले, की टाळ्या पडतात. हे मी दरवर्षी बघतो. आत विषय निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी लोक परत उभे राहतात.

आणि २३ नोव्हेंबर १९९४ आमच्या शहराने बघितलाय. गोवारी समाजाचा मोर्चा होता, अधिवेशन चालू होतं, लोक दिवसभर थांबले की कोणीतरी मंत्री येऊन निवेदन घेईल. संध्याकाळी पळापळ झाली, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं होती. सीताबर्डीला झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, अजूनही त्या तारखेला लोक फुलं घेऊन येतात. आत बसलेल्या माणसाने बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे वेळेत यायला पाहिजे, एवढं साधं काम त्या दिवशी झालं नाही. म्हणून मला कामकाज नकोच असं कोणी म्हटलं की पटत नाही. कामकाज पाहिजे, जास्त दिवस पाहिजे. नागपूर करार १९५३ चा, त्यामुळे वर्षातून एकदा सरकार इथं येतं, आणि आमची तक्रार ही आहे की येतं आणि लगेच जातं. २०२४ ला १६ डिसेंबरला आले आणि २१ ला संपवून गेले. विदर्भातल्या प्रश्नांना त्यात किती तास मिळाले असतील तुम्हीच सांगा.

लॉ_कॉलेजवाली

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजतर्फे पास काढून प्रेक्षक गॅलरीत बसले होते. गॅलरीत मोबाइल नेऊ देत नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पुढच्या कठड्यावर वाकायचं नाही. तिथून बघताना एक गोष्ट लक्षात आली जी लाइव्हवर कधीच येत नाही, कारण कॅमेरा जो बोलतोय त्याच्यावरच असतो. एक मागच्या बाकावरच्या आमदार बाई होत्या, त्यांच्या हातात औचित्याच्या मुद्द्याचा कागद होता आणि त्या किती वेळ हात वर करून उभ्या होत्या. मधे दोन मोठ्या नेत्यांची खडाजंगी झाली, सगळं सभागृह तिकडे वळलं, त्या बसल्या, परत उठल्या. शेवटी तालिका अध्यक्षांनी (अध्यक्ष नसताना खुर्चीत बसणारे सदस्य) नाव घेतलं तेव्हा त्या "अध्यक्ष महाराज" म्हणून एका दमात चार वाक्यं बोलल्या, नदीवरच्या पुलाचा विषय होता, आणि झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खडाजंगी पहिल्या पानावर, पुलाची एक ओळ नाही. पण पूल कामकाजात नोंदला गेला. माझ्या मते त्या दिवसाचं खरं काम ते होतं.

चौकातल्या दादांना एवढंच सांगते की सभागृहातून मोठं काही निघत नाही असं नाहीये. रोजगार हमी योजना घ्या. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी ती कल्पना लावून धरली, दुष्काळात लोकांना काम मिळालं, आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरीवाल्यांच्या पगारातून महिन्याला जे २०० रुपये प्रोफेशन टॅक्स म्हणून कापतात आणि फेब्रुवारीत ३००, त्याचं मूळ तिथं आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसे द्यायचे हे सभागृहात ठरलं. पुढं २००५ ला देशाचा कायदा झाला तो महाराष्ट्राच्या या अनुभवावरूनच. जादूटोणाविरोधी विधेयक पण किती वर्षं अडकून होतं, डॉ. दाभोलकरांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाल्यावर वटहुकूम आला आणि डिसेंबर २०१३ च्या नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. उशीर झाला, फार उशीर झाला, पण झाला तो सभागृहातच.

गोंधळ करणाऱ्यांवर कारवाई का करत नाहीत असं पण लोक विचारतात. करतात, पण त्याला मर्यादा आहे. ५ जुलै २०२१ ला १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं होतं, ते सुप्रीम कोर्टात गेले, आणि २८ जानेवारी २०२२ ला कोर्टाने तो ठराव रद्द केला, चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन चालणार नाही म्हणून. कारण सोपं आहे, आमदार वर्षभर बाहेर म्हणजे त्याचा अख्खा मतदारसंघ वर्षभर बाहेर. मतदारांना शिक्षा कशासाठी. मला हा निकाल वाचताना फार पटला.

बांधावरून_लिहितोय

सगळ्यांचे आभार. माजी वार्ताहर काका, तुम्ही म्हणालात तसं पीएना फोन केला, त्यांनी पानाचा फोटो पाठवला. जसंच्या तसं लिहितो, फक्त गावाचं नाव काढलंय.

(१) सदर ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिक्त असल्याने शस्त्रक्रियागृह पूर्णपणे बंद असून रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, तद्नुसार रिक्त पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) रिक्त पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

एवढंच. आता हे गावात कसं सांगू? अंशतः खरं म्हणजे काय, कुलूप अर्धं लावलंय का? विलंब झालाय आणि म्हणतात प्रश्न उद्भवत नाही. लोक माझ्यावरच चिडले.

टेबल_नंबर_चार

बांधावरून दादा, मी एका जिल्हा कार्यालयात आहे, कुठल्या ते सांगत नाही, पण एलएक्यूची उत्तरं जिथं तयार होतात त्या साखळीतला एक माणूस आहे. आमच्याकडे तारांकित-अतारांकित (ज्याचं फक्त लेखी उत्तर मागतात तो) सगळ्यालाच एलएक्यू म्हणतात. तुमचं उत्तर वाचून मला लगेच कळलं काय झालंय, म्हणून लिहितोय.

अधिवेशन लागलं की वरून मेल येतो, लाल अक्षरात अतितात्काळ, सोबत प्रश्न, आणि उत्तर आजच्या आज पाठवा. तोच मेल तालुक्याला जातो, तालुका रुग्णालयाला फोन करतो, तिथला माणूस रजिस्टर उघडतो. माहिती खालून वर येते आणि प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बघतात, प्रश्नात जे विधान केलंय ते शब्दाला शब्द खरं आहे का. तुमच्या प्रश्नात लिहिलंय शस्त्रक्रियागृह "पूर्णपणे बंद". आता रजिस्टरला गळू कापलं, टाके घातले, कधीतरी शिबिरात नसबंदी झाली अशा नोंदी असणार. म्हणजे पूर्णपणे बंद नाही. पण पद रिक्त आहे हे खरं. झालं अंशतः खरे. चौथा भाग "नसल्यास" ने सुरू होतो, म्हणजे कार्यवाही नसल्यास, आणि तिसऱ्यात कार्यवाही सुरू आहे म्हटलंय, म्हणून उद्भवत नाही. यात खोटं काहीच नाही आणि तुमच्या बाळंतिणीबद्दल एक शब्द नाही. उत्तर लिहिणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने लिहीत नाही, तो प्रश्नाच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. चौकट तुम्ही आखायची.

म्हणून पुढचा प्रश्न देताना आमदारांना असा मजकूर द्या. गैरसोय, दुर्लक्ष, नाराजी असले शब्द काढून टाका, त्यावर काहीही उत्तर देता येतं. आकडा मागा. या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का आणि कुठल्या तारखेपासून रिक्त आहे. त्या तारखेपासून किती गरोदर महिलांना सिझरसाठी इथून पुढं पाठवलं. हे आकडे रुग्णालयाच्या रेफरल रजिस्टरमध्ये असतातच, नाही म्हणता येत नाही. तिसरी गोष्ट, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून ऑन-कॉल भूलतज्ज्ञ बोलावता येतो, केसप्रमाणे मानधन देऊन. या रुग्णालयाने असा किती वेळा बोलावला हे विचारा. माझा अंदाज नाही सांगत, पण हा प्रश्न आला की आमच्यासारख्या ऑफिसात फायली हलतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. कितीतरी वेळा प्रश्नाचं उत्तर "कार्यवाही पूर्ण झाली आहे" असं देता यावं म्हणून आदल्या आठवड्यात ऑर्डर निघते. प्रश्न सभागृहात पुकारला नाही तरी त्याचा धाक खालपर्यंत पोचतो. चौकातल्या दादांना हे सांगा.

माजी_वार्ताहर

वरचं उत्तर सोन्यासारखं आहे, ते आमदारांना जसंच्या तसं दाखवा.

मी त्यात भर घालतो. छापील उत्तराने समाधान झालं नाही तर त्या उत्तरावरूनच अर्धा तास चर्चा मागता येते, त्यासाठी आमदारांनी सूचना द्यायची, परत नवा प्रश्न लावून नंबराची वाट बघायची गरज नाही. लक्षवेधी हा दुसरा मार्ग, त्यात मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि मग सदस्य प्रश्न विचारतात. लक्षवेधी घेण्यासाठी कधीकधी सकाळी साडेनऊलाच विशेष बैठक लावतात, त्यामुळे यादी नीट बघत जा, नाहीतर तुम्ही अकराला लाइव्ह लावाल आणि तुमचा विषय होऊन गेलेला असेल. अर्थसंकल्पी अधिवेशन असेल तर आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा असते तेव्हा कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा अशी सूचना) देऊन आमदार बोलू शकतात. आणि यातल्या कशातही मंत्री तोंडाने म्हणाले की अमुक करण्यात येईल, तर ते वाक्य, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत, त्यांचं कामच हे की दिलेल्या शब्दाचं काय झालं ते खात्याला विचारायचं. सचिवांना समोर बोलावून विचारतात, तिथं घोषणा नसतात, कॅमेरे नसतात, आणि तिथं "कार्यवाही सुरू आहे" फार वेळ चालत नाही. तुमच्या लेखी उत्तरात मात्र मुदत नाही, म्हणून ते पकडायला अवघड आहे. मुदत वदवून घ्यायची, हेच उपप्रश्नाचं काम.

सध्या कुठल्या पक्षाचे आमदार आहेत याने फार फरक पडत नाही. सत्ताधारी बाकावरचे आमदार सुद्धा स्वतःच्या सरकारला प्रश्न विचारतात आणि कधीकधी त्यांनाच जास्त लवकर उत्तर मिळतं.

चौकातला_माणूस

टेबल नंबर चार साहेब, तुमचं वाचून गप्प झालो जरा. आमच्या पाण्याच्या प्रश्नात पण तेच, "भीषण टंचाई" लिहून देतो आम्ही दर वेळी आणि उत्तर येतं अंशतः खरे. योजनेवर किती खर्च झाला, किती घरांना नळाला पाणी येतं, असं कोणी विचारलंच नाही. माझा राग कायम आहे पण मजकूर पाठवतो तुम्हाला, बघून द्याल का?

टेबल_नंबर_चार

जरूर द्या दादा, इथंच टाका, सगळ्यांना उपयोग होईल. फक्त योजनेचं पूर्ण नाव आणि मंजुरीचं वर्ष ग्रामपंचायतीतून काढून आणा, नाव अर्धवट असलं की उत्तर दुसऱ्याच योजनेचं येतं.

बांधावरून_लिहितोय

आज संध्याकाळी आमदारांना भेटून आलो, वरचं सगळं प्रिंट काढून नेलं होतं. त्यांनी बसवून वाचलं. अर्धा तास चर्चेची सूचना देतो म्हणाले आणि नवीन मजकूर आमच्याकडूनच मागितला. तो खाली देतोय, चुकलं असेल तर सांगा.

(१) सदर ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद मंजूर आहे काय व ते कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे, (२) उक्त दिनांकापासून किती गरोदर महिलांना शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीसाठी अन्य रुग्णालयात पाठविण्यात आले, (३) या कालावधीत ऑन-कॉल भूलतज्ज्ञाची सेवा किती वेळा घेण्यात आली, (४) सदर पद किती दिवसांत भरण्यात येणार आहे?

टेबल_नंबर_चार

छान झालंय. दुसऱ्या भागात "महिनानिहाय संख्या" असं घाला, नाहीतर एकच एकूण आकडा देतील आणि कुठल्या महिन्यात वाढले ते कळणार नाही. आणि त्यापैकी किती जणींची प्रसूती वाटेत झाली हे वेगळं विचारा, १०८ च्या नोंदीत ते असतं.